भूकंपात इजा होऊ शकेल अशा जागा दुरुस्त व मोकळ्या करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण सोसायटी, जुळे सोलापूर

महोदय, स.न.वि.वि.

गेल्या सभेत भूकंपाचा विषय निघाला, तेव्हा ‘आपली बिल्डिंग आरसीसी आहे, तिला काय होतंय’ म्हणून तो हसण्यावारी नेला गेला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसे दगावली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवद (मातीचे जड छत) अंगावर आल्याने, हे खरे. पण २००१ मध्ये भूज हादरले तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत आरसीसी इमारतीही कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच पार्किंगवर उभ्या होत्या. खाली भिंती नसल्या की सगळा हिसका तळमजल्याच्या कॉलमवर येतो.

आपलेही पार्किंगच आहे. पंपाशेजारच्या कॉलमला पाइपसाठी खाच पाडली आहे. आत गंजलेली सळई दिसते, बोट लावले की पापुद्रे निघतात. तिथे नुसते प्लास्टर मारून घेऊ नये. इमारत पंधरा वर्षांपुढची आहे, म्हणजे उपविधीप्रमाणे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. ते कधी झाले, याचा कागद सभासदांना दाखवावा.

इमारत उभी राहिली तरी माणूस जखमी होतोच. कठड्यावरच्या कुंड्या नेमक्या दाराच्या वर आहेत. हादरा बसला की लोक बाहेर पळणार आणि त्या डोक्यात पडणार. म्हणून हलत असताना पळू नये, टेबलाखाली बसून टेबलाचा पाय घट्ट धरावा, हे सर्वांना सांगावे लागेल. लिफ्ट तर वापरूच नये. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात चादरींचे गठ्ठे आणि जुना कूलर आहे. (गठ्ठे कोणाचे ते सर्वांना ठाऊक आहे, व्यवसायाला माझा विरोध नाही, जिना मात्र सगळ्यांचा आहे.) किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला. तशा वेळी लाइट गेली, तर काठी घेऊन चालणारे आपले ज्येष्ठ सभासद तिथून उतरणार कसे? जिन्यात बॅटरीचे दिवे हवेत.

घरातली लोखंडी कपाटे भिंतीला आवळणे ज्याचे त्याने पाहावे. गच्चीवरच्या टाक्यांचे स्टँड मात्र कमिटीने तपासावेत.

हा विषय पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घ्यावा. कॉलमचा फोटो सोबत जोडला आहे.

आपला,
एक सभासद, तिसरा मजला