बावखल बुजवण्याआधी

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शेजारच्या वाडीतले बावखल, म्हणजे पावसाचे पाणी साठवायला खणलेले तळे, गेल्या पंधरवड्यात डबर टाकून बुजवले. जागा ज्याची त्याची, म्हणून कोणी काही बोलले नाही. मीही त्या दिवशी गप्प राहिले. ते मनाला लागून राहिले, म्हणून हे पत्र.

९ डिसेंबर २०२४ रोजी मला फुप्फुसाचा क्षय असल्याचे कळले. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. वजन ४१ किलोवर आले. तीस वर्षे वर्गात शिकवलेला आवाज दोन वाक्यांत संपायचा. ओळखीची माणसे फाटकातूनच विचारपूस करून परतत. नाताळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाता आले नाही. प्रार्थना ओठांवर येई, आत उतरत नसे. देवावर राग नव्हता. देवाशी बोलायलाच काही उरले नव्हते.

जानेवारीत सुनेने एक खुर्ची मागच्या दारी, आमच्या स्वतःच्या बावखलाकाठच्या उंबराखाली नेऊन ठेवली. दारापासून साठ पावले. पहिल्या दिवशी वाटेत दोनदा टेकावे लागले. २०२५ हे आम्हा कॅथलिकांचे जुबिली वर्ष, म्हणजे यात्रेचे पवित्र वर्ष, ‘आशेचे यात्रेकरू’ हे त्याचे ब्रीद. गावातले लोक यात्रेची तयारी करत होते. माझी यात्रा ती साठ पावले.

तिथे बसून मी काय पाहिले? खंड्या एकाच वाकलेल्या फांदीवर येऊन बसायचा आणि मासा धरायला पाण्यात मारलेल्या दहा सुरांतले सहा-सात फुकट जायचे. तरी तो फांदी बदलत नसे. मार्चमध्ये गाईने अर्धी खाल्लेली, अजून न व्यालेली एक केळ मुलाने कोयत्याने छाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी कापाच्या मधोमध बोटभर पोपटी सुरळी वर आलेली. मी किती वेळ बघत राहिले, सांगता येणार नाही.

बायबलमधला, दुखण्याने पिचलेला ईयोब म्हणतो, तोडलेल्या झाडाला तरी आशा असते, पाण्याच्या नुसत्या वासाने ते पुन्हा फुटते. पण माणूस मेला की पुन्हा जगेल काय? हा उतारा मी चर्चमध्ये कितीदा वाचून दाखवला असेन. तो प्रश्न आहे, आणि तो आजारी माणसाने विचारलेला आहे, हे मला त्या केळीसमोर कळले. त्याच आठवड्यात, पहिल्या शुक्रवारी, फादर आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर, म्हणजे मरणातून उठलेल्या ख्रिस्ताचे शरीर मानून आम्ही घेतो ती भाकर, द्यायला आले. मला त्यांनी ते उंबराखालीच दिले. ईयोबाच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या तळहातावर होते. त्या दिवशी मी खूप रडले, आणि ते रडणे बरे होते.

२० एप्रिलला, ईस्टरच्या मिस्साला, मी पुन्हा बाकावर बसले. दुसऱ्याच दिवशी हे आशेचे वर्ष जाहीर करणारे पोप फ्रान्सिस गेले. ती बातमीही मी पाण्याकाठीच ऐकली. एरवी मातकट दिसणाऱ्या ढोकरी बगळ्याच्या पाठीवर तेव्हा विणीचा गडद तांबडा रंग चढला होता. २६ मेला पाऊस मुंबईत दाखल झाला, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी, आणि आमचे बावखल जूनच्या आत निम्मे भरले. जूनमध्ये गोळ्या संपल्या. वजन ४८.

बावखलाने माझा क्षय बरा केला असे मी म्हणत नाही. तो गोळ्यांनी बरा झाला, आणि कोणी त्या मध्येच सोडू नयेत. पण गोळ्या घेत राहायचे बळ मला त्या काठाने दिले.

आमच्या वाडवडिलांनी बावखले खणली ती रहाटासाठी. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते, म्हणून समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहिल्या. आमचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८८ पासून हरित वसईसाठी लढले ते याच पाण्यासाठी. २०२४ मध्ये ते गेले, आणि आता डंपर आमच्या गल्लीपर्यंत आले आहेत. पालिकेने प्रत्येक बावखलाची नोंद करावी आणि भराव टाकण्यापूर्वी परवानगी सक्तीची करावी, ही माझी मागणी.

आमचे बावखल आम्ही बुजवणार नाही, असे मुलाने मला सांगितले आहे. खुर्ची अजून उंबराखालीच आहे. आसपास कोणी दुखणेकरी असेल, कोणत्याही धर्माचा, तर त्याने यावे. मागचे फाटक आम्ही लावत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
निर्मळ, ता. वसई