स्टेअरिंग बॉक्स बदलूनही पुढची चाकं लटपटतातच

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय : चुकीची दुरुस्ती केल्याबद्दल पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

आमचा १९९८ सालचा ३५ एचपी ट्रॅक्टर आपल्याच कंपनीचा. वडिलांनी तो नवा घेतला होता आणि शिरोळ तालुक्यात आमची उसाची वाहतूक आजही त्याच्यावरच चालते. गळीत हंगाम तोंडावर आला आणि पुढची चाकं लटपटू लागली. शेतात काही जाणवत नसे. पण डांबरीवर वेग ताशी वीसच्या आसपास गेला, की दोन्ही चाकं फडफडायची आणि स्टेअरिंग हातात ठरायचं नाही.

गावातलं गॅरेज सोडून मुद्दाम आपल्या अधिकृत वर्कशॉपला ट्रॅक्टर दिला. तिथे पुढचा ॲक्सल जॅकवर न घेताच ‘बॉक्स गेलाय’ असं सांगून नवा स्टेअरिंग बॉक्स बसवला आणि १८,४०० रुपये घेतले. जॉब कार्डवर ‘ग्रीसिंग केले, टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवण्याचं माप) सेट केले’ असंही लिहिलं आहे. घरी येताना रस्त्याला लागलो, तर चाकं जशीच्या तशी. फोन केला तर उत्तर मिळालं, “जुना ट्रॅक्टर आहे, एवढं चालायचंच.”

शेवटी गावातल्या मिस्त्रींनी ॲक्सलखाली जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, प्ले (ढिलेपणा) नव्हता, त्यामुळे बेअरिंग ठीक. चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं, ती किंगपिनच बुशमध्ये (तिच्याभोवतीच्या धातूच्या नळीत) खडखडत होती. चाक पुढून-मागून हलवल्यावर दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचा डावा सांधा, म्हणजे टाय रॉड एंडही ढिला निघाला. बुश काढले, ते एका बाजूने घासून लंबगोल झालेले. ग्रीस निप्पलवर चिखल वाळून घट्ट बसला होता. ग्रीस गन त्याला लागलेलीच नव्हती. टाय रॉडच्या लॉक नटवरचा जुना गंजही अखंड होता. तो नट सैल केल्याशिवाय रॉड फिरत नाही आणि रॉड फिरल्याशिवाय टो-इन बदलत नाही. मग जॉब कार्डवरचं सेटिंग केलं कधी आणि कुणी?

किंगपिन, बुश आणि टाय रॉड एंड नवे घालून, दोन्ही रिममधलं अंतर पुढून-मागून टेपने मोजून टो-इन लावलं. सगळं ४,२०० रुपयांत झालं. आता भरलेली ट्रॉली मागे असतानाही स्टेअरिंग स्थिर आहे. काढलेला जुना बॉक्स मी मागून आणला होता. तो शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरून बघितला, तर शाफ्ट फिरवताक्षणी ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्समधून चाकांकडे जोडलेला दांडा, हलतो. म्हणजे चांगला बॉक्स काढून मला नवा विकला.

पैशांपेक्षा मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. हंगामात आमच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्यांच्या शेजारून शाळेची पोरं सायकलवर जातात. केलेलं नसलेलं काम ‘केले’ म्हणून लिहून वर्कशॉपने तसा ट्रॅक्टर रस्त्यावर सोडला.

नवा बॉक्स घेऊन जावा, जुना बसवून द्यावा आणि मजुरीसह १८,४०० रुपये परत करावेत. जॉब कार्ड कुणी भरलं, याचा लेखी खुलासा हवा. शिवाय पुढचा ॲक्सल उचलून प्ले तपासल्याशिवाय स्टेअरिंग बॉक्स बदलू नये, अशी लेखी सूचना सगळ्या वर्कशॉपना द्यावी. १५ दिवसांत उत्तर न आल्यास सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

सोबत : बिल व जॉब कार्डची प्रत, लॉक नट, निप्पल आणि बुश यांचे फोटो. जुने बुश जपून ठेवले आहेत, आपला माणूस आला की दाखवीन.

आपला,
एक ट्रॅक्टरमालक शेतकरी
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर