गिटारीचा भाव फ्रेट मोजून काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंजिनिअरिंगच्या परीक्षा आटोपल्या की पुण्यात जुन्या इलेक्ट्रिक गिटारींच्या जाहिराती एकदम वाढतात. होस्टेल सोडणाऱ्याला ते धूड गावी न्यायचं नसतं आणि मुलाच्या हट्टापुढे हात टेकलेले पालक गिऱ्हाईक म्हणून तयारच असतात. घासाघीस मात्र भलत्याच आकड्यांवर चालते. विकणारा म्हणतो, "टाळेबंदीत चोवीस हजारांना घेतली, फारशी वाजवलीच नाही, वीस द्या." घेणारा म्हणतो, "पाच वर्षं झाली की हो, दहा घ्या." यातल्या चोवीस हजारांचाही उपयोग नाही आणि पाच वर्षांचाही नाही.

गिटार म्हणजे स्कूटर नव्हे की दरवर्षी ठरावीक टक्के वजा केले आणि भाव निघाला. तिची किंमत एकदाच दणकून उतरते, दुकानाच्या दारातून बाहेर पडताना. वॉरंटी गेली, परत करायची सोय गेली, रंग निवडायची मुभा गेली, त्याची ही वजावट. त्यापुढे नीट ठेवलेली तीन वर्षांची आणि आठ वर्षांची गिटार यांच्या भावात फारसं अंतर पडत नाही. लाकूड झिजत नाही, फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या झिजतात.

म्हणून सुरुवात करायची ती तेच मॉडेल आज नवं केवढ्याला मिळतं इथून. छापील किंमत नको, दुकानदार प्रत्यक्षात घेतो ती किंमत हवी. मॉडेलचं नाव शेपटीसकट पाहिजे. स्क्वायरची बुलेट, अॅफिनिटी आणि क्लासिक व्हाइब या तिन्हींच्या माथ्यावर स्क्वायर हेच नाव दिसतं, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. आयबनेझच्या 'जीआरजी' आणि 'आरजी'चंही तेच. एका अक्षराने भाव कुठल्या कुठे जातो. मॉडेल बंद झालं असेल तर त्याच्या जागी आलेलं धरायचं. बुलेट गेली आणि २०२३ मध्ये तिच्या जागी सॉनिक आली, तेव्हा बुलेटचा हिशेब सॉनिकवरून. परदेशी संकेतस्थळावरचा डॉलरचा भाव काढून त्याला रुपयांनी गुणणाऱ्या विक्रेत्याला हात जोडावेत. आणि जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. दोन महिने तीच जाहिरात लटकली असेल तर त्या भावाला गिऱ्हाईक नाही, एवढंच त्यातून कळतं.

आजच्या भावाचे किती टक्के? यामाहा पॅसिफिका, आयबनेझ आरजी, एपिफोन, स्क्वायर क्लासिक व्हाइब अशी ओळखीची गिटार वाजती आणि स्वच्छ असेल तर ६० ते ६५. मेक्सिको किंवा अमेरिकेत बनलेली फेंडर आपल्याकडे वापरलेली सहज मिळत नाही, ती ७०-७५ पर्यंत जाते. अँप, बॅग, पट्टा एकत्र बांधून विकतात त्या शिकाऊ संचातल्या गिटारीला ३५-४० मिळाले तरी भरून पावलं म्हणावं. डावखुऱ्यांची किंवा सात तारांची गिटार घेणारे थोडे असल्याने तिला आणखी पाच-दहा टक्के कमीच येतात. हे टक्के 'वाजत्या' गिटारीचे आहेत. आता ती वाजती आहे का ते बघायचं.

पहिले बघायचे फ्रेट. तारा सैल करून बाजूला सारा आणि पहिल्या चार फ्रेटवर, पातळ तीन तारांच्या खाली, नख फिरवा. शिकाऊ हात सी, जी, डी हेच कॉर्ड दिवसभर धरतो, त्यामुळे खळगे पडतात ते तिथेच. नख अडकलं तर खळगा आहे. मग तार परत ताणून त्याच जागी ती बाजूला खेचून बघा. खळग्यातून बाहेर पडताना बोटाला बारीकशी टिचकी जाणवते. त्यानंतर व्हर्नियर कॅलिपरच्या शेपटीने फिंगरबोर्डपासून, म्हणजे फ्रेट ज्या लाकडी पट्टीत बसवलेले असतात तिच्यापासून, फ्रेटची उंची मोजा. मीडियम जम्बो जातीचा नवा फ्रेट साधारण १.१ ते १.२ मि.मी. उंच असतो. लेव्हलिंग म्हणजे सगळे फ्रेट एका पातळीत घासून त्यांचे माथे पुन्हा गोल करणं, आणि त्यात ०.१ ते ०.२ मि.मी. धातू जातो. म्हणजे ०.९ राहिला असेल तर एक लेव्हलिंग आरामात निघेल. ०.६ च्या खाली गेला तर घासायला काही उरत नाही, सगळे फ्रेट बदलावे लागतात. शिकाऊ गिटारीच्या बाबतीत हा खर्च गिटारीच्याच किमतीला भिडतो. मेपलच्या लॅकर चढवलेल्या फिंगरबोर्डवर तो आणखी वाढतो, कारण लॅकर पुन्हा चढवावं लागतं. "फारशी वाजवलीच नाही" हे खरं की खोटं, तेही फ्रेटच सांगतात.

मग नेक, म्हणजे गिटारीची मान. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये किती फट आहे ते पाहा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. ते साधारण ०.३ मि.मी. असतं. मिलिमीटरभर फट दिसली तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) आवळून ती कमी होते का हे बघायचं, पण मालकाला विचारून आणि पाव फेऱ्याहून जास्त नाही. रॉड आधीच घट्ट आवळलेला आणि फट तशीच, किंवा रॉडच्या टोकाच्या नटाची खाच गुळगुळीत झालेली, तर दुरुस्ती मोठी आहे. भाव निम्मा धरावा नाहीतर नमस्कार करून निघावं. नेकला पीळ पडलाय का ते ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाच्या) बाजूने, बंदुकीचा नेम धरल्यासारखं दोन्ही कडांवरून पाहिल्यावर कळतं. पीळ ट्रस रॉडने निघत नाही. नेक चार स्क्रूंनी बसवलेला असेल तर तो निदान बदलता येतो, चिकटवलेला असेल तर तेही सोपं नाही.

गिब्सन घराण्यातल्या, म्हणजे लेस पॉल किंवा एसजी घाटाच्या गिटारीत, नटच्या (माथ्यापाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) मागची बाजू टॉर्च आडवा धरून तपासाच. तिथे माथा मागे कललेला असतो, ट्रस रॉडच्या नटासाठी आतलं लाकूड कोरून काढलेलं असतं आणि महोगनी मुळात फार चिवट नाही. स्टँडवरून पालथी पडली की चीर तिथेच जाते. चांगल्या कारागिराने चिकटवलेली चीर वाजवायला त्रास देत नाही, पण बाजार तिला माफ करत नाही. भाव चाळीस ते पन्नास टक्क्यांनी खाली येतो. वाजवायलाच हवी असेल तर असा माल मुद्दाम शोधावा.

पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडून त्याचा विजेचा संदेश करणारी वेटोळी, तपासायला खोलाखोल नको. साधा मल्टिमीटर पुरतो. गिटारीत केबल घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबलच्या दुसऱ्या टोकाचं बोंड आणि दांडा यांना मीटरच्या दोन तारा लावा आणि स्विच एकेक घर सरकवा. सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याचा पिकअप) साडेपाच ते सात किलोओहम दिसावेत, हमबकरला (दोन वेटोळ्यांचा) सात ते नऊ, ब्रिजजवळच्या दणकट हमबकरला तेरा-सोळाही. स्ट्रॅटच्या, म्हणजे तीन सिंगल कॉइलच्या गिटारीच्या, दुसऱ्या आणि चौथ्या घरात दोन पिकअप समांतर येतात, म्हणून आकडा निम्म्यावर येतो. तो दोष नव्हे. एका घरात एकदम २५० किंवा ५०० च्या आसपास आकडा आला तर त्या पिकअपचं वेटोळं तुटलेलं आहे आणि मीटर नुसता व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा बदलता रोध, दाखवतोय. ती तार केसाहून बारीक असते. घाम आणि खारी हवा तिला आतून खातात. बॅटरीवर चालणाऱ्या अॅक्टिव्ह पिकअपला ही चाचणी लागू नाही. पॉट फिरवताना खरखर आली तर मात्र मोठं तोंड करून भाव पाडू नये. बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस वेळा बटण फिरवणं, एवढ्यावर भागतं.

मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या गिटारीत ब्रिजवरचे बारीक अॅलन (षटकोनी खाचेचे) स्क्रू एकेक करून पाहावेत. दोन पावसाळे बॅगेत काढले की ते गंजून जाम होतात, जोर लावला की खाच गोल होते, मग तारांची उंची लावता येत नाही आणि सगळा ब्रिजच बदलावा लागतो. विदर्भात उलटं: उन्हाळ्यात फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन हाताला करवतीसारखी लागतात. ती घासून घ्यायला थोडेच पैसे पडतात.

फ्लॉइड रोज, म्हणजे दांड्याने सूर वर-खाली करता येणारा ब्रिज असेल तर तो ज्या दोन खांबांवर टेकतो तिथली धार बघा. दांडा खाली दाबून सोडा, मग वर खेचून सोडा. दोन्ही वेळा सूर त्याच जागी परत आला पाहिजे. धार झिजली असेल तर हजार वेळा ट्यून करा, सुटणारच.

बनावट मालाबद्दल थोडंसं. गिब्सनच्या ट्रस रॉडचं झाकण दोन स्क्रूंचं असतं आणि आत पितळी षटकोनी नट असतो. तीन स्क्रू आणि आत अॅलन-कीची खाच दिसली तर तो माल गिब्सनच्या कारखान्यातला नाही. १९७७ ते २०१३ मधल्या बहुतेक नेहमीच्या गिब्सनवर आठ किंवा नऊ आकडी क्रमांक असतो. त्यातला दुसरा, तिसरा आणि चौथा आकडा मिळून वर्षातला कितवा दिवस ते कळतं. तिथे ४१२ आलं तर संशय घ्या. मात्र १९९४ च्या बऱ्याच गिब्सनवर पहिले दोन आकडे ९४, म्हणजे वर्षाचे असतात, त्यांना हे लागू नाही. फेंडरवर 'एमएक्स' म्हणजे मेक्सिको आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे, स्क्वायरवर 'आयसीएस' म्हणजे इंडोनेशिया. पण क्रमांक आणि माथ्यावरचा शिक्का दोन्ही विकत मिळतात, म्हणून नुसत्या त्यावर भाव ठरवू नये.

बदललेल्या भागांवरून सर्वांत जास्त वाद होतात. आठ हजारांचे सिमोर डंकन कंपनीचे पिकअप घातले म्हणून गिटारीचा भाव आठ हजारांनी वाढत नाही. फार तर तीन-चार मिळतात, तेही मूळ पिकअप जपून ठेवून सोबत दिले तर. विकण्याआधी मूळ भाग परत बसवून नवे वेगळे विकणं फायद्याचं. बॉडी कोरून किंवा नवीन भोकं पाडून काही बसवलं असेल तर ती सरळ वजावट. सोबतचा दहा वॅटचा अँप वेगळा मोजावा, त्याच्या आजच्या किमतीच्या निम्म्याने.

हिशेब असा पडतो. आज दुकानात ३०,००० ला मिळणारी गिटार, चार वर्षं वापरलेली, अंगावर ओरखडे नाहीत. ६५ टक्क्यांनी १९,५००. पहिल्या तीन फ्रेटवर खळगे, उंची ०.९ मि.मी., म्हणजे लेव्हलिंगचे ३,००० वजा. पाच घरांचा स्विच एका घरात आवाज तोडतो आणि फवाऱ्यानेही सुधारला नाही, नवा बसवायचे ८०० वजा. राहिले १५,७००. चांगल्या बॅगेचे ५०० धरून १६,२००. पंधरा ते सतराच्या मध्ये कुठेही सौदा झाला तर कुणी कुणाला फसवलं नाही. कारागिरांचे दर गावोगाव वेगळे, ते आधी विचारून घ्यावेत. तारा आणि साधा सेटअप (तारांची उंची, सूर नीट लावणं) घेणाऱ्याने वजा करू नये, हे माझं मत पुष्कळांना पटत नाही. पण हा खर्च नव्या गिटारीलाही येतोच, मग तो जुन्या मालकाच्या माथी का मारायचा?

विकणाऱ्यानेही आधी सेटअप करून, नव्या तारा चढवून मगच फोटो काढावेत. गंजलेल्या तारांची, उंच अॅक्शनची (तारा फार वर असलेली) गिटार हातात आली की घेणाऱ्याला सगळीच गिटार गेलेली वाटते आणि तो चार-पाच हजार उगाच पाडून मागतो. दोष असेल तर जाहिरातीतच लिहावा. दारात आलेल्या माणसाला तो सापडला की भाव दोषापुरता पडत नाही, संशयापुरता पडतो.

आता आपल्याकडे मागणी. छोट्या जाहिरातींत 'गिटार विकणे आहे, उत्तम स्थिती' एवढ्यावर काही कळत नाही. वाद्यांच्या जाहिरातींसाठी आपण चार रकाने ठेवले तर निम्मे फोन वाचतील: मॉडेलचं पूर्ण नाव, क्रमांकाची सुरुवातीची अक्षरं आणि त्यावरून निघणारं वर्ष, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटची उंची, आणि आजवर काय बदललं किंवा चिकटवलं. दोन ओळींत मावतं.

आपला,
गिटार-दुरुस्ती करणारा एक वाचक, पुणे