लारीची दुसरी बाजूही दाखवा

महोदय,

जुन्या चांदीच्या नाण्यांचे प्रदर्शन भरले की गर्दी गोल रुपयांपाशी होते आणि आदिलशाहीची लारी, म्हणजे चांदीच्या तारेचे नाणे, कोपऱ्यात पडून राहते. वास्तविक कोकणच्या बंदरांतून चाललेले हे नाणे फार देखणे आहे. मूळ इराणातल्या लार शहराचे. चांदीची तार मधोमध दुमडायची आणि तिच्या खाली-वर ठसे ठेवून हातोडा हाणायचा. ठसा रुंद, तार अरुंद. त्यामुळे दुसऱ्या अली आदिलशहाचे (१६५६–१६७२) नाव एका लारीवर अर्धेमुर्धे, तर दुसरीवर त्यातली दोनच अक्षरे उमटलेली दिसतात. काचेआड एकच बाजू मांडली तर हे कळणार कसे? खाली आरसा बसवावा आणि शेजारी ठशावरच्या संपूर्ण मजकुराचे रेखाचित्र लावावे, ही संग्रहालयांना कळकळीची विनंती.

– एक नाणेसंग्राहक, रत्नागिरी