परिषदेला गेलात, तर परिषदेत बसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या धम्मपरिषदांना जाणं म्हणजे पैशाची नासाडी, अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र मागच्या आठवड्यात आपल्या अंकात आलं होतं. बुद्ध आपल्या वस्तीतल्या विहारात आहे, मग बायाबापड्यांनी भिशी उचलून काठमांडू गाठायचं कशाला, त्यापेक्षा पोरांच्या फिया भरा, असं त्यांचं म्हणणं. त्या बायाबापड्यांतली मी एक. सोलापूरच्या बुधवार पेठेत घरीच मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवते. एप्रिल ते जून मान वर करायला फुरसत नसते, दिवाळीनंतर मात्र हात रिकामा असतो. त्या रिकाम्या दिवसांत, गेल्या नोव्हेंबरात, आमच्या विहारातल्या मंडळींबरोबर काठमांडूच्या परिषदेला जाऊन आले. त्यामुळं उत्तर द्यायचा हक्क मला आहे असं वाटतं.

आधी फियांचं. आमच्यातल्या निम्म्या बाया विड्या वळणाऱ्या. त्यांच्या पोरांच्या फिया त्यांनी वेळच्या वेळी भरल्या. कुणाची लेक नर्स झाली, कुणाचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला. उरलेलं आयुष्य त्यांनी सुपासमोर मांडी घालून काढावं, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? सोलापूरकर पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर, तिरुपती सगळीकडं जातात. त्यांना कुणी हिशेब विचारत नाही, विचारूही नये.

राहिलं परदेशात जाण्याचं. बाबासाहेबांनी 1950 मध्ये श्रीलंका, 1954 मध्ये रंगून आणि 1956 मध्ये काठमांडू अशा तीन जागतिक बौद्ध परिषदांना हजेरी लावली. काठमांडूला गेले तेव्हा नागपूरची दीक्षा होऊन जेमतेम महिना उलटला होता आणि तब्येत पार ढासळली होती. तरी 20 नोव्हेंबरला ते ‘बुद्ध आणि कार्ल मार्क्स’ या विषयावर बोलले. त्यानंतर सोळा दिवसांनी, 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाण झालं. रंगूनहून परतताना त्यांना बुद्धमूर्ती मिळाली, ती 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडच्या विहारात त्यांच्याच हस्ते बसवली गेली. सोलापूरहून मुंबईला निघालेली गाडी देहूरोड स्टेशनावरूनच जाते. पत्रलेखकांनी कधी उतरून बघावं. बाबासाहेब नासाडी करायला परदेशी जात होते, असं म्हणायची त्यांची तयारी आहे का?

मात्र पत्रातली एक गोष्ट मला खरी वाटली आणि ती मी लपवणार नाही. जाणारे बरेच जण परिषदेच्या नावानं सहल करतात. आमच्या सहल आयोजकानं छापलेल्या कागदावर वर मोठ्या अक्षरांत ‘आंतरराष्ट्रीय धम्मपरिषद’ होतं आणि खाली कार्यक्रमात परिषदेला एकच सकाळ. दुपारी ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’. त्या मोकळ्या वेळेत आमच्यातले काही पुढारी फेटे बांधून थायलंडच्या भिक्खूंबरोबर फोटो काढत होते. तेच फोटो इथल्या पेपरात ‘सोलापूरच्या शिष्टमंडळाचा सहभाग’ म्हणून आले. (आपल्याही पेपरात आले, संपादकसाहेब. राग नसावा.)

आम्ही काही बाया मात्र हट्टानं सभागृहात बसून राहिलो. भाषणं इंग्रजीत, आम्हाला कळेना. आमच्यातली एक मुलगी, इंजिनिअरिंगला शिकते, ती आमच्या ओळीकडं तोंड करून पायरीवर बसली आणि हळू आवाजात सांगत गेली, “आता हे म्हणतायत, की विहार नुसते बांधून उपयोग नाही, तिथं रोज काहीतरी चाललं पाहिजे.” थोड्या वेळानं विदर्भातून आलेल्या बाया आमच्या मागं येऊन बसल्या, मग नांदेडच्या. दुपारपर्यंत त्या पोरीचा घसा बसला, पण बिस्किटाच्या पुड्यावर तिचं चालूच. माझ्या लेखी आमच्या शिष्टमंडळाची पुढारी ती.

नाही म्हणायला एक गोष्ट मला भाषांतराशिवाय कळली. पंचशील ध्वज. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, आणि सहाव्या पट्टीत हेच पाचही रंग वरून खाली त्याच क्रमानं. 1950 च्या श्रीलंकेतल्या परिषदेत हा सगळ्या बौद्ध जगाचा ध्वज म्हणून मान्य झाला. तिथं टांगलेल्या एकाही ध्वजाचा क्रम चुकलेला नव्हता, टाके सरळ, कडा दुमडलेल्या. आपल्याकडं 14 एप्रिलला चौकाचौकांत जे ध्वज लागतात त्यातल्या सहाव्या पट्टीत कापड उरेल तसे रंग जोडलेले मी बघते. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे खुपतं, काय करणार!

परिषदेनंतरच्या मोकळ्या वेळात आम्ही खरेदी सोडून धर्मकीर्ती विहारात गेलो. काठमांडूच्या जुन्या भागात, गल्लीत आहे. हा विहार गुरुमाँ चालवतात. संन्यासिनींना तिथं गुरुमाँ म्हणतात. ज्यांनी तो उभा केला त्या धम्मावती गुरुमाँ लहान वयातच घरच्यांना न सांगता ब्रह्मदेशात शिकायला गेल्या होत्या. डोंगर तुडवत, पायी. त्याच्या काही वर्षं आधीच, 1944 मध्ये, राणा राजवटीनं नेपाळमधल्या भिक्खूंना देशाबाहेर घालवलं होतं. त्यांना परत यायला 1946 उजाडलं. हे ऐकताना आमच्यातली सगळ्यात वयस्कर बाई, जिला आम्ही आक्का म्हणतो, एकदम म्हणाली, “म्हंजे ह्यांनाबी गावाभाईर काढलं व्हतं की!” तिला परिषदेतल्या भाषणांपेक्षा एवढं पुरलं. आपल्याकडच्या किती विहारांचा कारभार बायकांच्या हातात आहे, हे आता तीच विचारत फिरतेय.

सगळं गोडच होतं असंही नाही. स्वयंभूच्या स्तूपाला लागूनच हारिती देवीचं देऊळ आहे. तिथले बौद्ध स्तूपाला प्रदक्षिणा घालतात आणि देवीलाही हात जोडतात. आमच्यातल्या दोघी पायऱ्यांवरच भांडल्या. एक म्हणाली, दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत आपण देवदेवतांना मानणार नाही असं म्हटलंय, इथं क्षणभर थांबणंही चुकीचं. दुसरी म्हणाली, त्यांच्या घरी येऊन त्यांनाच शिकवायचं का? भांडण मुक्कामावर येईस्तोवर पुरलं. मी पहिलीच्या बाजूची. आपण कशातून बाहेर पडलो ते विसरून चालत नाही. पण असं समोरासमोर भांडायला घर सोडावं लागलं, हेही खरं. विहारातल्या आठवड्याच्या वंदनेत असा वाद झालेला मी तरी बघितला नाही.

म्हणून माझं म्हणणं जाऊ नका असं नाही, नीट जा असं आहे. सोलापुरातल्या विहार समित्यांनी आषाढ पौर्णिमेपासूनच्या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत, जाणाऱ्यांचे वर्ग घ्यावेत: परिषद कशावर आहे, त्या देशातले बौद्ध आपल्यापेक्षा कशात वेगळे आहेत, बाबासाहेब तिथं काय बोलले. इंग्रजी येणाऱ्या एका मुलाचा किंवा मुलीचा खर्च सगळ्यांनी वर्गणीतून उचलावा आणि त्याच्याकडून भाषांतराचं काम घ्यावं. परत आल्यावर प्रत्येकानं विहारात उभं राहून सांगावं. फोटो दाखवला तरी चालेल, पण आधी बोलावं. सहल आयोजकाकडून परिषदेचे सगळे दिवस कार्यक्रमात लिहून घ्यावेत, मगच आगाऊ रक्कम द्यावी. आणि आपल्या दैनिकाला विनंती, की पुढच्या वेळी फेट्यांच्या फोटोऐवजी सभागृहात बसलेल्या कुणालाही दोन प्रश्न विचारा.

जाता जाता, पुढच्या नोव्हेंबरात जायचं म्हणणाऱ्यांसाठी. नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं. पासष्टीच्या आतल्यांनी नुसत्या आधार कार्डाच्या भरवशावर राहू नये. ओळखपत्रावरचं नाव तिकिटाशी जुळतंय का ते आत्ताच बघा, दुरुस्तीला वेळ लागतो. आपल्या शंभर रुपयांचे तिथं एकशेसाठ होतात, घड्याळ मात्र पाव तास पुढं करावं लागतं. गोरखपूर-सोनौलीवरून बसनं गेलात तर बुटवलच्या पुढं कंबर धरून बसायची तयारी ठेवा. आणि पांढऱ्या साडीवर घालायला जाड लोकरी स्वेटर घ्या, आमच्यासारखी नुसती शाल नेऊ नका.

आपली,
बुधवार पेठेतली एक उपासिका,
सोलापूर