खालच्या रानातला खोडवा

सोलापूर

ती. अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाय कसा आहे? आई, फोनवर तू "बरं हाय गं" म्हणालीस, पण मागून अण्णांचं कण्हणं ऐकू आलं मला.

अण्णा, रागावू नका. आधीच सांगून टाकते: खालच्या रानात यंदा खोडवा ठेवायचा नाही, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना पुन्हा फुटू द्यायचं नाही. तात्यांच्या थोरल्याला कालच सांगितलंय, ट्रॅक्टरवाल्याशीही बोलले. तुम्हाला न विचारता ठरवलं, ते मनाला लागतंय. पण विचारलं असतं तर तुम्ही "बघू की" म्हणाला असता, आणि रात्री दोनला लाईट आली की पुन्हा बॅटरी घेऊन दारं धरायला गेला असता.

तुम्ही पडलात ते वयामुळं नाही. तो बांध दरसाल त्याच जागी बसतो. काळी माती सुकली की आकसते, बांधाला आरपार भेगा पडतात, आणि पाणी आलं की ते भेगेतून शिरून बांध आतून पोखरतं. वरून तो धडधाकट दिसतो. तुम्ही पाय दिलात आणि तो खचला. आज्जा धाब्यावर काळी माती कधी टाकू देत नव्हते, पांढरीच आणायची म्हणायचे, ते याचसाठी.

संक्रांतीला आले तेव्हा मांडणीवरचे तीन ग्लास कशाला नेले, ते आई विचारत होती. सांगितलं नव्हतं, आता सांगते. तीन जागची ढेकळं आधी दोन दिवस धाब्यावर सुकवली आणि मग पाण्यात सोडली. लिंबाखालचं ढेकूळ सकाळपर्यंत तसंच होतं. मधल्या पट्टीतलं बघता बघता भुगा होऊन तळाला बसलं, पण वरचं पाणी नितळ राहिलं. खालच्या रानातलं मात्र कडेनं विरघळत गेलं. दुसऱ्या दिवशीही पाणी ताकासारखं गढूळच होतं.

मधल्या पट्टीचं पाप माझं आहे. मी नुकती नोकरीला लागले होते आणि शिकलेलं सगळं लगेच करून बघायची घाई होती. तुम्ही म्हणालात, "आडवं पेरलं की भागतंय," तरी सपाटीकरणाचा हट्ट मी धरला. उतारावर वरची चांगली माती मुळात वीतभरच, ती मशिननं बांधाकडं लोटली आणि खालची चुनखडी उघडी पडली. तिच्यात ना मुळं, ना कुजलेला पालापाचोळा. मातीचे कण धरून ठेवतं ते हेच. ते नसलं की ढेकळात अडकलेली हवा पाण्याच्या दाबानं त्याला फोडते, मोठे थेंब पडले की वर पापडी धरते, पाणी मुरायच्या ऐवजी उतारानं पळतं. लिंबाखालची माती त्याच उताराची, त्याच काळीची. फक्त तिथं कधी नांगर गेला नाही. इथल्या कोरडवाहू शेतीच्या संशोधन केंद्राचं काम १९३३ पासून चाललंय, आणि उताराला आडवी मशागत तुम्ही तर कोणाकडून न शिकता करत होता. तुमचं ऐकायला हवं होतं, अण्णा.

खालच्या रानाचं दुखणं निराळं आहे. वरून वाहून आलेली बारीक चिकण माती आणि क्षार पिढ्यान् पिढ्या त्या खोलगटात साठत आलेत. त्यावर बोअरचं खारं पाणी आपण उसाला वर्षभर देत राहिलो. त्यातला सोडियम कणांना चिकटला, आणि तो कणांना एकत्र राहू देत नाही. म्हणून ते रान चोपण झालंय, ओलं असताना साबणासारखं आणि वाळलं की दगड. पुस्तकात कणांना चिकटलेल्या सोडियमची मर्यादा १५ टक्के दिलेली असते, पण आपल्या काळ्या मातीला त्याच्या बरंच आधीपासून त्रास होतो.

तुम्ही म्हणाल, आपल्या मातीत चुनखडी आहेच की, मग जिप्समला पैसे कशाला? ती चुनखडी अशा मातीत विरघळतच नाही, जिप्सम विरघळतं. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकून लावतो, पण सुटलेला सोडियम वाहून जायला वाट लागते. म्हणून आधी ओढ्याकडं चर काढायचा, मग जिप्सम, मग पावसाळ्यात धैंचा पेरून हिरवळीचं खत म्हणून गाडायचा. दोन-तीन वर्षं लागतील. मधल्या पट्टीत शिवरात्रीनंतर खतासाठी मेंढ्या बसवायच्या, धनगरांशी बोलणं झालंय. त्यांच्या जेवणाचं आईनं मनावर घ्यायचं नाही, मी शिधा पाठवते.

उसाच्या बिलाची काळजी नको. ते पैसे दरमहा मी घालीन, आणि यात उपकार कसले, माझ्या शिक्षणाला गेलेला पैसा त्याच रानाचा. वरच्या रानात मालदांडी आहेच, घरची भाकरी आणि गाईंचा कडबा कुठं जात नाही. रान विकायचा विचार माझ्या मनात कधीही आला नाही, शेजारी काहीही म्हणोत.

आई, बेंदराचे बैल आठवतात? मी नुसत्या काळ्या मातीचे करायची, उन्हात ठेवायची आणि चिरा पडल्या की रडत बसायची. तू त्यात शेण आणि भुसा मळून दिलास, सावलीत वाळवलेस, आणि ते वर्षभर देवळीत राहिले. परवा प्रयोगशाळेत माती मळताना तुझे ते हात डोळ्यांपुढं आले.

आता ऐका. अण्णांनी रात्री रानात पाऊल टाकायचं नाही. राहिलेलं पाणी तात्यांचा थोरला देईल, त्याला पैसे दिलेत. पाचट पेटवायचं नाही, कोणी काहीही सांगो. वापसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल निघून गेल्याशिवाय, ट्रॅक्टर आत घालू द्यायचा नाही, ओल्यात चाकं फिरली की ती माती दगड होते. गोळी जेवणानंतर, चहाबरोबर नाही. मोरीपाशी धरायला दांडी बसवायला माणूस बुधवारी येतोय, त्याला परत पाठवू नका.

रविवारी पहिल्या एसटीनं येते. चर कुठून काढायचा ते अण्णांनीच दाखवायचं, ओढ्याचं पाणी कसं वळतं ते माझ्यापेक्षा त्यांना ठाऊक. बांधापर्यंत मी हाताला धरून नेईन. तोवर आई, त्यांचा पाय उशीवर उंच ठेव.

तुमची,
थोरली