हिकीचा छापखानाही आठवा

संपादक महोदय,

भारतातले पहिले छापील वृत्तपत्र काढणाऱ्या जेम्स ऑगस्टस हिकीचे नाव निघाले की गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जशी झालेला झगडाच सांगितला जातो. मुद्रक हिकी मागेच राहतो. 29 जानेवारी 1780 रोजी कलकत्त्यात सुरू झालेले त्याचे वृत्तपत्र ‘बेंगॉल गॅझेट’ हातयंत्रावर छापले जाई. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवून चौकटीत आवळायचे, कातडी गोळ्यांनी शाई थोपटायची, मग दाब. शाई आणि दाब प्रत्येक प्रतीला पुन्हा. कागद आधी ओलवावा लागे. कोरड्यावर शाई नीट उठत नाही, फार भिजला तर अक्षर पसरते. चौकट सैल राहिली, तर खिळे निसटून अख्खे पान विस्कटते.

1781 मध्ये हिकी तुरुंगात गेला, तरी पत्र निघत राहिले. मार्च 1782 मध्ये खिळे जप्त झाले आणि ते बंद पडले. पत्रकारितेच्या पाठ्यपुस्तकांत छपाईचा हा तपशील यायलाच हवा.

– एक वाचक, पुणे